लिंक पुढे पाठवण्याआधी प्रोजेक्टची चौकशी करा

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या पेपरात ऑनलाईन फसवणुकीच्या बातम्या सारख्या येतात आणि त्या यायलाच हव्यात, पण त्या सगळ्या पैसे गेल्यानंतरच्या असतात. पैसे जायच्या आधी काय काय होतं, म्हणजे क्रिप्टोच्या नवीन कॉईनची लिंक गावात येते कुठून, ती पुढे कोण ढकलतं आणि ढकलायच्या आधी त्याने काय बघायला हवं होतं, यावर कुणी लिहिताना दिसत नाही म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं तर कापा पण चौकशी कशी करायची तो भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी गुहागर तालुक्यात शृंगारतळीला कॉम्प्युटर क्लास चालवते. क्लासला येणाऱ्या पोरापोरींच्या मोबाईलमध्ये गेली काही वर्षं एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे टेलिग्राम या मेसेजच्या ॲपवर चालणारी क्रिप्टोची, म्हणजे बिटकॉईनसारख्या डिजिटल चलनांची, रिवॉर्ड कॅम्पेन. नवीन कॉईन काढणारी मंडळी (त्यांच्या त्या योजनेला प्रोजेक्ट म्हणतात) सांगतात की आमचं चॅनेल जॉईन करा, आमच्या पोस्ट शेअर करा, मित्रांना जोडा, त्याबदल्यात आमचे टोकन, म्हणजे त्या कॉईनचे नग, घ्या. कुणी एअरड्रॉप म्हणतं, कुणी बाउंटी म्हणतं. २०२४ मध्ये ते हॅमस्टर कोम्बॅट नावाचं टेलिग्रामवरचं गेम आलं तेव्हा तर एसटीत, जेटीवर, लग्नाच्या मांडवात, जिथे बघावं तिथे पोरं स्क्रीनवर बोट आपटत बसलेली, महिनोन्महिने, आणि २६ सप्टेंबर २०२४ ला टोकन हातात आले तेव्हा बहुतेकांच्या वाट्याला किरकोळ रक्कम आली. तिथे नुसता वेळ गेला म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. पण त्या सवयीवर आता जे चालू झालंय त्यात घरातले पैसे जातायत.

आपल्याकडे हे जास्त का पसरतं तेही सांगते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याच्या आधी आंबा काजू आटपलेला, पोरं शिकलेली पण जवळपास नोकरी नाही, मोबाईलला नेट आहे आणि हाताला काम नाही. त्यात प्रत्येक वाडीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप, भजनी मंडळाचा वेगळा, मुंबई मंडळाचा वेगळा, क्रिकेट टीमचा वेगळा. एकाने लिंक टाकली की संध्याकाळपर्यंत ती चाकरमान्यांपासून गावातल्या आजीपर्यंत सगळ्यांकडे पोचलेली असते. आणि गावात लिंक चालते ती कंपनीच्या नावावर नाही चालत, पाठवणाऱ्याच्या नावावर चालते. कंपनी कुठल्या देशातली, काय करते, कुणालाच माहीत नसतं, पण "अमक्याच्या पोराने पाठवलंय, तो शिकलेला आहे, त्याने बघितलंच असेल" एवढ्यावर लोक पुढे जातात. कॅम्पेनवाल्यांना नेमकं हेच हवं असतं. जाहिरात द्यायची तर त्यांना पैसे मोजावे लागले असते आणि कुणी विश्वासही ठेवला नसता, त्यापेक्षा चार टोकन देऊन तुमचा गावातला शब्द वापरायला मिळतो. म्हणून माझं म्हणणं असं की प्रोजेक्टची चौकशी करायची ती फक्त आपलं नुकसान होऊ नये म्हणून नाही, आपल्या शब्दावर जे पैसे घालणार आहेत त्यांच्यासाठी करायची. तुमचा एक रुपयाही गेला नसेल, पण तुमच्या लिंकवरून शेजारच्या काकांनी पैसे घातले तर ते तुमच्याच दारात येणार.

असंच एकदा झालं. क्लासमधला बीकॉमचा एक मुलगा आला, म्हणाला ताई हा प्रोजेक्ट बघा ना जरा, मी फक्त एअरड्रॉपसाठी लिंक टाकली होती ग्रुपवर, आता काका विचारतायत की प्रीसेलमध्ये पन्नास हजार टाकू का. प्रीसेल म्हणजे कॉईन बाजारात यायच्या आधीच पैसे घेऊन विकणं. सुपारी विकून आलेले पैसे होते ते. प्रोजेक्टचं नाव इथे लिहीत नाही कारण असे शंभर आहेत, नाव बदलून पुन्हा येतात. आम्ही दोघं कॉम्प्युटरवर बसलो आणि एकेक बघत गेलो.

पहिल्यांदा माणसं बघितली. वेबसाईटवर सहा जणांचे फोटो, खाली सीईओ, सीटीओ वगैरे. फोटो एकेक करून गुगल लेन्समध्ये टाकले तर सीईओचा फोटो विकत मिळणाऱ्या फोटोंच्या साईटवर निघाला, तिथे तो माणूस "हसरा व्यावसायिक" म्हणून लावलेला. तो मुलगा गप्पच झाला. त्याला म्हटलं अरे हे नवीन नाही, २०१७ मध्ये अमेरिकेत सेंट्रा टेक नावाच्या कंपनीने अडीच कोटी डॉलरच्या वर पैसे गोळा केले होते आणि तिचा सीईओ म्हणून जो माणूस दाखवला होता तो अस्तित्वातच नव्हता, फोटो भलत्याच कुणाचा तरी. दुसऱ्या एका प्रोजेक्टने तर हॉलिवूडचा हिरो रायन गॉसलिंग याचा फोटो आपला ग्राफिक डिझायनर म्हणून लावला होता, नाव दुसरंच देऊन. नुसता फोटो उलटा शोधून बघितला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. फोटो खरा निघाला तरी तेवढ्यावर थांबू नये, त्या माणसाचं लिंक्डइन बघावं, ते कधी उघडलंय, आधी त्याने काय काम केलंय, जिथे केलं म्हणतो तिथे त्याचं नाव कुठे दिसतं का आणि मुख्य म्हणजे तो स्वतः कधी या प्रोजेक्टबद्दल बोललाय का. बऱ्याचदा खऱ्या माणसाचं नाव त्याला न विचारता लावलेलं असतं.

मग व्हाईटपेपर उघडला. व्हाईटपेपर म्हणजे प्रोजेक्ट काय करणार, टोकन किती काढणार, कुणाला किती देणार हे सगळं सांगणारा कागद. बिटकॉईनचा व्हाईटपेपर ऑक्टोबर २००८ मध्ये आला तो फक्त नऊ पानांचा आहे आणि त्यात एकही आश्वासन नाही, नुसतं ते चालतं कसं एवढंच आहे. आमच्यासमोरच्या व्हाईटपेपरात चाळीसच्या वर पानं होती, रंगीत चित्रं होती, जग बदलण्याची भाषा होती, पण ते चालणार कसं यावर अर्धं पान नव्हतं. त्यातली दोन तीन वाक्यं उचलून अवतरण चिन्हात घालून गुगलवर शोधली तर तीच वाक्यं दुसऱ्या जुन्या प्रोजेक्टच्या कागदात, फक्त कॉईनचं नाव बदललेलं. वॉल स्ट्रीट जर्नलने मे २०१८ मध्ये असे १,४५० प्रोजेक्ट तपासले होते तेव्हा २७१ मध्ये अशाच गोष्टी सापडल्या होत्या, उचललेले कागद, खोटे अधिकारी, खात्रीच्या परताव्याची आश्वासनं. म्हणजे ही सगळी माहिती उघड्यावर पडलेली असते, कुणी वाकून बघत नाही एवढंच.

वेबसाईट कधी रजिस्टर केली ते हूइज म्हणून सर्च असतो त्यावर दिसतं, फुकट. ही वेबसाईट महिनाभरापूर्वीची होती आणि आत लिहिलेलं की आम्ही पाच वर्षं रिसर्च करतोय. २०२१ चं स्क्विड कॉईन आठवा, त्या कोरियन सिरीजच्या नावावर निघालेलं, सिरीजवाल्यांचा त्याच्याशी काहीएक संबंध नव्हता. त्याची वेबसाईट जेमतेम तीन आठवड्यांची होती आणि तीत स्पेलिंगच्या चुका होत्या. तरी लोकांनी पैसे ओतले, १ नोव्हेंबरला भाव २,८०० डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत जवळपास शून्यावर आला, आणि त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे लोकांना विकताच येत नव्हतं. घेता येत होतं पण विकण्यावर आतूनच अट घातलेली. भाव चढताना दिसत होता तो त्यामुळेच, कारण विकणारा कुणी नव्हता.

आता हे विकता येतं की नाही कसं बघायचं. त्यासाठी टोकनचा कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस लागतो (कॉन्ट्रॅक्ट म्हणजे तो टोकन चालवणारा प्रोग्राम), इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून लांबलचक असतो तो. टोकन इथेरियम नावाच्या नेटवर्कवरचा असेल तर इथरस्कॅनवर, बीएनबी चेन या नेटवर्कवरचा असेल तर बीएससीस्कॅनवर टाकायचा. तिथे होल्डर्स म्हणून भाग असतो, त्यात कुणाकडे किती टोकन आहेत ते टक्क्यांत दिसतं. आम्ही टाकला तेव्हा एकाच वॉलेटमध्ये, म्हणजे टोकन ठेवायच्या एकाच डिजिटल पाकिटात, निम्म्याहून जास्त टोकन होते. ते लॉक केलेले आहेत का, म्हणजे ठरावीक काळ हलवता येणार नाहीत असं काही आहे का, तर नाही. म्हणजे तो एक माणूस ज्या दिवशी विकेल त्या दिवशी बाकी सगळ्यांच्या टोकनची किंमत संपली. दुसरं बघायचं ते लिक्विडिटी. टोकन विकताना समोर कुणीतरी खरा पैसा ठेवलेला असावा लागतो, तो पूलमध्ये, म्हणजे त्या टोकनच्या सामाईक तिजोरीत असतो. तो किती आहे आणि लॉक आहे का, हे दिसतं. समजा पूलमध्ये दहा हजार डॉलर आहेत आणि लोकांच्या मोबाईलमध्ये मिळून दहा लाख डॉलरचे टोकन दिसतायत, तर पहिले थोडे लोक विकून जातील आणि बाकीच्यांच्या स्क्रीनवर आकडा तेवढा राहील. तिसरं, कॉन्ट्रॅक्टचा कोड तिथे व्हेरिफाय केलेला आहे का. नसेल तर आत काय लिहिलंय कुणालाच वाचता येत नाही आणि मग त्या वाटेला जायचंच नाही. कोड वाचता येत नसला तरी विक्री अडवली आहे का, मालकाला नवीन टोकन छापता येतात का, हे सांगणाऱ्या फुकट साईट आहेत, त्यावर तपासता येतं. त्या शंभर टक्के बरोबर असतात असं नाही, पण जे तिथेच नापास होतं ते सोडून द्यायला काय हरकत आहे.

शेवटी त्यांच्या टेलिग्राम ग्रुपवर गेलो, लाखभर मेंबर, दर मिनिटाला रॉकेटची चित्रं. त्या मुलाने विचारलं की लिक्विडिटी लॉक केल्याचा पुरावा कुठे बघायला मिळेल. सरळ साधा प्रश्न होता, उर्मटपणा काही नाही. त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. मला वाटतं सगळ्या चौकशीत ही एकच गोष्ट जरी केली तरी निम्मं काम होतं, कारण खऱ्या प्रोजेक्टवाल्यांना असले प्रश्न रोज येतात आणि ते उत्तर देतात.

काकांनी पैसे टाकले नाहीत. त्या मुलाने ग्रुपवरची लिंक डिलीट केली आणि डिलीट का केली ते तिथेच लिहिलं, फोटोचा स्क्रीनशॉट लावून. मला त्याचं फार कौतुक वाटलं, कारण गावात असं लिहिणं सोपं नसतं, दोघं तिघं त्याला म्हणालेही की आमचे टोकन मिळायचे बाकी आहेत, तू कशाला मध्ये बोलतोस.

आपल्याकडे पोरीला स्थळ आलं की आपण मुंबईपासून चिपळूणपर्यंत फोन लावतो, मुलाची नोकरी खरी आहे का, आधी कुठे मोडलंय का, कर्ज आहे का सगळं काढतो. मग ज्यांना आपण कधी बघितलं नाही, ज्यांचा पत्ता नाही, त्यांच्यासाठी अख्ख्या वाडीला आमंत्रण द्यायच्या आधी अर्धा तास काढायला काय होतं?

मी सगळंच खोटं आहे असं म्हणत नाही, ते खरं होणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये टोकनची अदलाबदल करून देणाऱ्या युनिस्वॉपने त्यांची सर्व्हिस आधी वापरलेल्या प्रत्येक वॉलेटच्या ॲड्रेसला ४०० टोकन दिले, त्याची किंमत तेव्हा हजार डॉलरच्या वर होती, मार्च २०२३ मध्ये आर्बिट्रम नावाच्या क्रिप्टो नेटवर्कनेही दिले. पण त्यात एक गोष्ट बघा, ते आधीच चालत असलेल्या कामाचे वापरकर्ते होते, त्यांना वाटप झालं. त्यांच्याकडून कुणी आधी पैसे भरून घेतले नव्हते की वीस माणसं आणा म्हटलं नव्हतं. जिथे काम अजून काहीच नाही आणि माणसं आणण्यावरच सगळा जोर आहे तिथे सावध व्हायला हवं. आणि नुसत्या हिशोबाने बघितलं तरी, कॅम्पेनसाठी ठरावीक टोकन बाजूला काढलेले असतात आणि ते सहभागी झालेल्यांत वाटतात, म्हणजे जितकी जास्त माणसं जोडली जातील तितका एकेकाचा वाटा बारीक होत जातो. हे आधी नियम वाचले तर कळतं. टोकन कधी देणार, एकदम देणार की महिन्या महिन्याला, विकायला लगेच मोकळे असतील का, प्रोजेक्टला पुरेसे पैसे जमले नाहीत तर काय, आणि नियम बदलायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवलाय का, हे नियमांच्या पानावर असतं किंवा मुद्दाम नसतं.

मोठ्या माणसाने जाहिरात केली म्हणून खरं, हेही डोक्यातून काढायला हवं. त्याच सेंट्रा टेकची जाहिरात बॉक्सर फ्लॉइड मेवेदरने केली होती, त्याबद्दल एक लाख डॉलर घेतले होते आणि ते सांगितलं नव्हतं, २०१८ मध्ये अमेरिकेच्या सेक म्हणजे तिथल्या सेबीने कारवाई केली. किम कार्दशियनने २०२१ मध्ये एका टोकनची पोस्ट टाकायला अडीच लाख डॉलर घेतले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला १२ लाख ६० हजार डॉलर भरावे लागले, कारण पैसे घेतल्याचं तिने लिहिलं नव्हतं. आपल्याकडेही जाहिरात मानक परिषदेने १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या जाहिरातीत धोक्याची सूचना घालायचं बंधन केलंय. मग आपण ग्रुपवर रेफरल लिंक टाकतो तेव्हा "यातून मला टोकन मिळतात" एवढं एक वाक्य का लिहू नये? ते लिहिलं तर वाचणारा सावध होतो, आणि ते लिहायची लाज वाटत असेल तर ती लिंक टाकूच नये असं मला वाटतं.

आमच्या गुहागरकरांना तर नावाला भुलू नका हे वेगळं सांगायला नको. एन्रॉन इथेच अंजनवेलला आली होती, केवढी मोठी अमेरिकन कंपनी, आणि २ डिसेंबर २००१ ला तिने दिवाळं काढलं, खोट्या हिशोबांमुळे. तिचं तर ऑफिस होतं, चिमण्या उभ्या होत्या, डोळ्यांना दिसत होत्या. इथे तेवढंही नसतं.

महाराष्ट्रात आधी काय झालंय तेही तरुण पोरांना माहीत नाही. गेनबिटकॉईन, महिन्याला १० टक्के असे १८ महिने देणार म्हणून हजारो लोकांकडून बिटकॉईन घेतले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाजला पकडलं, प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं. वनकॉईनच्या लोकांना एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत चालू कार्यक्रमात पोलिसांनी धरलं, त्या कॉईनला ब्लॉकचेन, म्हणजे व्यवहारांची सगळ्यांना तपासता येणारी सामाईक वही, तीच नव्हती आणि ते काढणारी रुजा इग्नातोव्हा २०१७ पासून गायब आहे, एफबीआयच्या टॉप टेन यादीत आहे. बिटकनेक्ट नावाचं कॉईन जानेवारी २०१८ मध्ये बसलं, तेही रेफरलवर वाढलेलं. या तिन्हींत पैसे घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते कुणीतरी ओळखीच्याने सांगितलं होतं, मित्राने, मेव्हण्याने, ऑफिसातल्याने.

आणि सांगणाऱ्याला कायदा लागत नाही असं नाही. १९७८ चा प्राईझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशनवर बंदी घालणारा कायदा आहे, त्यात अशी स्कीम चालवायला तर बंदी आहेच पण तिचा प्रचार करायला, सभासद व्हायला आणि सामील व्हायलाही बंदी आहे. प्रत्येक एअरड्रॉप म्हणजे मनी सर्क्युलेशन असं होत नाही हे मान्य, पण जिथे आधी पैसे भरून सभासद व्हायचं आणि पुढची माणसं जोडल्यावर कमाई, तिथे ते कॉईन नावाखाली असो नाहीतर साबणाच्या नावाखाली, मी फक्त लिंक टाकली होती हे म्हणून सुटका होईल असं कुणी धरून चालू नये.

वॉलेटबद्दल थोडं, कारण पैसे न घालताही माणसं लुबाडली जातात. वॉलेट उघडताना बारा किंवा चोवीस शब्द मिळतात ते कुणालाही द्यायचे नाहीत, कुठल्याही कॅम्पेनला त्याची गरज नसते, सपोर्टवाला म्हणून ज्याने ते मागितले तो चोर. टेलिग्रामवर ॲडमिन आपणहून मेसेज करत नाहीत, जो करतो तो तोतया. क्लेमचं, म्हणजे टोकन घ्यायचं, बटण दाबलं की वॉलेट परवानगी विचारतं, ती वाचायची, कारण अमर्याद परवानगी दिली की तुमच्या वॉलेटमधला तो टोकन ते कधीही काढून नेऊ शकतात. आर्बिट्रमचं वाटप झालं तेव्हा हुबेहूब दिसणाऱ्या नकली क्लेम साईट निघाल्या होत्या, प्रोजेक्ट खरा, साईट खोटी. म्हणून कॅम्पेनसाठी वेगळं रिकामं वॉलेट ठेवावं. अचानक वॉलेटमध्ये न मागितलेला टोकन येऊन पडला आणि त्याच्या नावातच वेबसाईट लिहिलेली असेल तर त्याला हातच लावू नये. आणि "तुमचे टोकन तयार आहेत, सोडवायला फी भरा" असं आलं की तिथेच थांबायचं, त्या फीच्या मागे दुसरी फी असते.

त्याहून मला भीती वाटते ती आधार आणि पॅनची. केवायसी म्हणून पोरं आधारचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि हातात कार्ड धरलेला सेल्फी बिनधास्त पाठवतात, कुणाला पाठवतोय हे न बघता. कार्यक्रम संपतो, ग्रुप बंद होतो, कागद मात्र त्यांच्याकडे राहतात. काही ठिकाणी तर तुमचं बँक खातं चार दिवस वापरायला द्या, कमिशन देतो, असं सांगतात. ते खातं चोरीचे पैसे फिरवायला वापरलं जातं आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या घरी. आपल्या मुलांना हे शब्दशः सांगायला हवं, आईबापांनी सांगायला हवं.

टॅक्सचं पोरांना माहीतच नसतं. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरळ ३० टक्के टॅक्स आहे, वर सेस, एकात झालेला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. बँकेत ठेवलेल्या पैशाला पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथे तसं काही नाही. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने रिझर्व्ह बँकेचं क्रिप्टोवरचं सर्क्युलर रद्द केलं म्हणून आता ते सरकारमान्य झालं असं कितीतरी जण सांगत फिरतात, ते चूक आहे. व्यवहारांना बँकेची सोय अडवायची की नाही एवढाच तो विषय होता, कुठल्या कॉईनला त्याने खरं ठरवलेलं नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना, म्हणजे क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या कंपन्यांना, सरकारच्या एफआययूकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारा विभाग) नोंदणी करावी लागते, ती आहे का ते बघावं, पण नोंदणी म्हणजे पैशाची हमी समजू नये.

पैसे गेलेच तर लाजेने घरात बसू नका. १९३० ला लगेच फोन करा, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, जितका उशीर तितकं कठीण, कारण ब्लॉकचेनवरचा व्यवहार उलटवता येत नाही, जे काय अडवता येतं ते बँकेच्या टप्प्यावरच. स्क्रीनशॉट, ट्रान्झॅक्शन नंबर, वॉलेटचा पत्ता, ज्याने पाठवलं त्याचा मेसेज, काहीही डिलीट करू नका. आमच्या भागात लोक तक्रार देत नाहीत कारण लिंक पाठवणारा नात्यातलाच असतो, त्याचं नाव येईल म्हणून गप्प बसतात, आणि तीच लिंक मग पुढच्या वाडीत जाते.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच आहे की आपण आठवड्यातून एकदा अशी एक चौकट द्यावी, ज्यात एखादा फिरत असलेला मेसेज घेऊन तो तपासायचा कसा हे पायरीपायरीने दाखवलेलं असेल. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर नक्की द्यावी, कारण तेव्हा मुंबई आणि गाव एकत्र येतं आणि या लिंका सगळ्यात जास्त फिरतात. तालुक्यातल्या कॉलेजांनी आणि ग्रामसभांनीही एक तास यासाठी काढावा, पोलिसांच्या सायबर सेलमधलं कुणी आलं तर उत्तमच. चौकटीसाठी लागणारं तपासण्याचं काम मी आणि माझ्या क्लासमधली मुलं करून देऊ, त्याचे पैसे नकोत. आणि तालुक्यातल्या कुणाला एखाद्या कॉईनबद्दल किंवा कॅम्पेनबद्दल शंका असेल तर रविवारी सकाळी क्लास उघडा असतो, मोबाईल घेऊन या, शेजारी बसून बघू, फक्त पैसे टाकायच्या आणि लिंक पुढे पाठवायच्या आधी या.

कळावे,

आपली नियमित वाचक,
शृंगारतळी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी